पडद्याशेजारचा माणूस: जपानी बेन्शी, लाखेच्या तबकड्या आणि माझी एक चूक

हा भाग इअरफोन लावून ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी मेसेज केला की सुरुवातीला ऑडिओ खराब आहे, खरखर येऊन राहिली. भाऊ, ती खरखर मुद्दाम ठेवली आहे. नव्वदेक वर्षांपूर्वीची आहे ती. आणि ज्यांना ऐकायला वेळ नाही, बसमध्ये किंवा मेट्रोत वाचायलाच बरं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना जिथे फारच भरकटलो तिथे कापलंय, बाकी तसंच ठेवलंय.

[एपिसोडमध्ये इथे ४० सेकंदांचा तुकडा वाजतो. खरखर, मागे शामिसेन हे तंतुवाद्य. एक पुरुष आधी स्वतःच्या आवाजात बोलतो, मग बाईच्या, मग लहान मुलाच्या.]

तीन वेगळी माणसं वाटली ना? तिघंही एकच माणूस आहे. आणि तो नाटक करत नाहीये, गाणंही म्हणत नाहीये. तो सिनेमा सांगतोय. मूकपट. पडद्यावर चित्र हलायचं, आवाज नसायचा, आणि पडद्याच्या डावीकडे छोट्याशा दिव्याच्या उजेडात एक माणूस उभा राहून अख्खी गोष्ट बोलायचा. जपानमध्ये या माणसाला बेन्शी म्हणायचे. त्यातले नावाजलेले लोक आपलं बोलणं तबकड्यांवरही भरायचे, आणि लोक त्या तबकड्या विकत घेऊन घरी ऐकायचे. म्हणजे सिनेमा थेटरात बघायचा आणि घरी येऊन नुसता ऐकायचा. पॉडकास्टच म्हणा की!

माझ्याकडे जुन्या तबकड्या आहेत एकूण अकरा. संग्रह म्हणायला लाज वाटावी इतक्या. नऊ मराठी-हिंदी आणि दोन जपानी. त्या दोन जपानी तबकड्या मी एका ऑनलाइन लिलावातून मागवल्या. तबकडीपेक्षा टपालखर्च जास्त लागला, हे घरी अजून सांगितलेलं नाही. आता हा भाग घरचे ऐकतील तर कळेल. लेबलवर चार जपानी अक्षरं आहेत, त्यांचा उच्चार 'एइगा सेत्सुमेई'. एइगा म्हणजे चित्रपट, सेत्सुमेई म्हणजे स्पष्टीकरण. चित्रपटाचं स्पष्टीकरण. इतका रुक्ष शब्द, आणि आत माणूस रडतोय.

आधी बेन्शींचं सांगतो, मग आपल्याकडचं, मग माझी चूक.

सिनेमा जपानमध्ये आणि आपल्याकडे जवळजवळ एकदमच पोचला. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली ती ७ जुलै १८९६ ला. जपानमध्येही १८९६-९७ च्या सुमारासच. सुरुवातीला ही चित्रं एका मिनिटाची असायची. गाडी आली, माणसं उतरली, संपलं. मग प्रेक्षकांना काहीतरी सांगायला हवं: हे यंत्र काय आहे, हा देश कुठला, ही बाई कोण. त्यासाठी माणूस उभा केला. पुढे सिनेमे लांब झाले, त्यात गोष्ट आली, आणि हा माणूस हटायच्या ऐवजी मोठा होत गेला.

मोठा म्हणजे किती? १९२० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये साडेसहा हजारांहून जास्त बेन्शी होते, त्यात काही बायकाही होत्या. जाहिरातीत नटाच्या नावाबरोबर बेन्शीचं नाव असायचं, कधी नटापेक्षा ठळक. लोक विचारायचे, 'आज कोण बोलणार?' आणि मग ठरवायचे जायचं की नाही. प्रोजेक्टर हातानं फिरवायचे, त्यामुळे बेन्शीला एखाद्या प्रसंगात जास्त बोलायचं असेल तर तो ऑपरेटरला खूण करायचा आणि चित्र हळू चालायचं. बघा ना, निवेदक सिनेमाच्या मागे धावत नव्हता, सिनेमा त्याच्यासाठी थांबायचा. १९१७ पासून टोकियोत पोलिसांनी बेन्शींना परवाना सक्तीचा केला. चित्रावर सेन्सॉर आहे, पण बोलणारा माणूस त्याच चित्राचा अर्थ फिरवू शकतो, हे पोलिसांना बरोबर कळलं होतं.

सगळ्यात गाजलेल्यांपैकी एक म्हणजे तोकुगावा मुसेई. इतर बेन्शी नाटकी, लयीत, गाण्यासारखं बोलायचे. हा कमी बोलायचा. गप्पा मारल्यासारखा. 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी' हा जर्मन सिनेमा त्यानं सांगितला, त्याची आठवण लोक नंतर कित्येक वर्षं काढत. अजून एक नाव सांगतो म्हणजे तुम्हाला पटकन जोडता येईल: आकिरा कुरोसावा. 'सेव्हन सामुराई'वाला. त्याचा मोठा भाऊ हेइगो बेन्शी होता, परदेशी सिनेमे सांगायचा. लहान आकिराला चांगला सिनेमा कोणता हे याच भावानं दाखवलं.

आणि मग आला बोलपट. इथे पुन्हा तारखा बघा. आपला 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला लागला. जपानचा पहिला यशस्वी बोलपटही १९३१ चाच. आपला पहिला मराठी बोलपट, प्रभातचा 'अयोध्येचा राजा', १९३२ मध्ये आला. पडदा स्वतःच बोलायला लागल्यावर पडद्याशेजारच्या माणसाचं काय? थेटरवाल्यांनी बेन्शींना काढायला सुरुवात केली. बेन्शींनी संप केले. हेइगो संपाच्या पुढाऱ्यांपैकी होता. संप फसला. १९३३ मध्ये त्यानं आत्महत्या केली. तिशीच्या आतला पोरगा होता. कुरोसावानं आत्मचरित्रात हे लिहिलंय. ते वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला होता, एवढं सांगतो.

मुसेई मात्र तगला. तो रेडिओवर गेला. 'मियामोतो मुसाशी' ही कादंबरी त्यानं रेडिओवर वाचली आणि जपानभर ऐकली गेली. आवाज तोच, कला तीच, पडदा गेला तरी चाललं. आज आपण जे ऑडिओबुक ऐकतो त्याचा खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही.

आता तबकड्यांकडे येऊ. त्या काळची दहा इंची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला साधारण तीन मिनिटं. दोन्ही बाजू मिळून सहा. सिनेमा तास-दीड तासाचा. मग बेन्शी काय करायचा? तो सगळी गोष्ट सांगायच्या भानगडीत पडायचा नाही. लोकांनी सिनेमा पाहिलेलाच आहे असं धरून तो थेट कळसाच्या प्रसंगात उडी मारायचा. आईची आणि मुलाची ताटातूट, शेवटची तलवारबाजी, पुलावरचा निरोप. मागे शामिसेन किंवा व्हायोलिन. थेटरात ज्या वाक्यांना लोक हमखास रडायचे, नेमकी तीच वाक्यं तबकडीवर. १९२५ नंतर मायक्रोफोननं ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि कुजबुजसुद्धा भरता यायला लागली. त्याआधी कर्ण्यात तोंड घालून ओरडावं लागायचं, आणि ओरडून विरह सांगणं कठीणच.

या तबकड्यांची किंमत कशात आहे हे मला जरा उशिरा समजलं. जपानचे बहुतेक मूकपट आज नाहीत. फिल्म जळली, सडली, भूकंपात गेली, युद्धात गेली. म्हणजे कित्येक सिनेमांचं चित्र नाहीसं झालंय आणि फक्त ते सांगणाऱ्या माणसाची सहा मिनिटं उरली आहेत. मूकपटाचा नुसता आवाज उरलाय! मात्सुदा शुन्सुई नावाचा एक बेन्शी होता. मूकपटांचा जमाना संपल्यावरही त्यानं ही कला सोडली नाही, आणि युद्धानंतर जुन्या फिल्मा शोधून शोधून मोठा साठा केला. त्याची शिष्या सावातो मिदोरी, आणि तिच्या हाताखाली तयार झालेला काताओका इचिरो, हे आजच्या काळातले बेन्शी. त्यामुळे ही परंपरा बारीक का होईना, चालू आहे.

मोबाइलवर ऐकायचं असेल तर जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाचा 'रेकिओन' नावाचा जुन्या तबकड्यांचा संग्रह आहे. बऱ्याच गोष्टी ग्रंथालयातच ऐकाव्या लागतात, पण काही इंटरनेटवर खुल्या आहेत. एक शब्द कळत नाही, तरी ऐका. रात्री, दिवा बंद करून.

बरं, मग आपल्याकडे बेन्शी का नव्हते?

'नव्हते' असं म्हणणंही पूर्ण खरं नाही. चित्र दाखवून गोष्ट सांगायची परंपरा आपल्याकडे किती जुनी आहे बघा. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी. ठाकर समाजाची ही मंडळी रामायण-महाभारताची रंगीत चित्रं एकेक करून पुढे धरतात आणि वाद्यांच्या साथीनं गोष्ट गातात, सांगतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मग कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन. त्यांनी १८९२ मध्ये, म्हणजे ल्युमिएरचा सिनेमा जन्माला यायच्याही आधी, 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. नाव ऐकून घाबरू नका. मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवर रंगवलेली चित्रं दिव्यानं पडद्यावर पाडायची. पण पटवर्धनांची चित्रं हलल्यासारखी दिसायची, आणि बरोबर निवेदन, संवाद, गाणी. मुलं विनायक आणि रामचंद्र यांनी हे खेळ पुढे चालवले. हे बेन्शीपेक्षा वेगळं कुठे आहे? आणि कीर्तनकार तर आहेतच. एकटा माणूस उभ्यानं दोन-तीन तास राजा, राणी, राक्षस, सासू, सगळं करतो.

त्यामुळे बोलणारी माणसं आपल्याकडे कमी नव्हती. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशन थेटरात लागला. त्यात प्रसंगांच्या मध्ये इंग्रजी आणि हिंदी पाट्या होत्या. पण वाचणार कोण? १९३१ च्या जनगणनेतसुद्धा शंभरात दहा लोकही साक्षर नव्हते. मग थेटरात ज्याला वाचता येतं तो मोठ्यानं वाचायचा, कुठे थेटरवाला माणूस ठेवायचा, पडद्यापाशी पेटी-तबला असायचा. म्हणजे वाचणारा होता. पण त्याचं नाव जाहिरातीत आलं नाही, आणि त्याचा आवाज कुणी तबकडीवर भरला नाही. आपल्याकडे मूकपट निघाले तेराशेच्या आसपास. शिल्लक आहेत तीसेक, त्यातलेही बरेच तुकडे. आणि सांगणाऱ्यांपैकी शिल्लक एकही नाही. जपानकडे चित्र नाही तर आवाज आहे. आपल्याकडे दोन्ही नाही.

असं का झालं असावं? मला वाटतं भाषा हे एक कारण. टोकियोत भरलेली तबकडी जपानभर चालायची. आपल्याकडे सिनेमा मुंबईहून निघाला की नागपुरात एक भाषा, जबलपुरात दुसरी, पुढे तिसरी. प्रत्येक गावात वाचणारा वेगळा, मग त्यातून स्टार कसा होणार? दुसरं कारण बाजार. आपल्याकडे तबकडी म्हणजे गाणं, हे पहिल्या दिवसापासून ठरून गेलं. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गनं कलकत्त्यात गौहर जानचा आवाज भरला. गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, कारण मेणाचे ठसे जर्मनीत हॅनोव्हरला जायचे आणि तिथल्या लोकांना कोण गातंय ते कळावं म्हणून. मग बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, मास्टर दीनानाथ. गाणं खपत होतं, तर कंपनी बोलणं कशाला भरेल?

तरीही थोडं भरलं गेलं. नाटकांचे प्रवेश, विनोदी संवाद, पोवाडे. गांधीजींचं १९३१ मध्ये लंडनला कोलंबिया कंपनीनं भरलेलं देवाविषयीचं भाषण. आणि एकदम पुढे यायचं तर १९७५ चा 'शोले'. त्याच्या गाण्यांइकेच, किंबहुना जास्तच, त्याच्या संवादांची तबकडी गाजली. गणपतीत, लग्नात, पानठेल्यावर नुसते संवाद लागायचे. लोक सिनेमा ऐकत होते. बेन्शीच्या तबकडीचं आपल्याकडचं भावंडं शोधायचं तर मला ते 'शोले'त सापडतं.

मला स्वतःला मात्र सगळ्यात जवळचं वाटतं ते गाडगेबाबांचं कीर्तन. आपल्या अमरावतीकडचा माणूस. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत बांद्र्याला त्यांचं कीर्तन झालं आणि ते ध्वनिमुद्रित झालं. २० डिसेंबरला ते गेले. फार दिवसांचा फरक नाही. ते कीर्तन आज यूट्यूबवर आहे. ऐकलं नसेल तर ऐका, त्यांनी समोरच्यांना प्रश्न विचारला की अख्खी गर्दी उत्तर देते. त्या दिवशी मशीन लावायचं कुणाला सुचलं नसतं तर आपल्याकडे फक्त फोटो असता, खापर आणि खराटा असता. ती लय, तो वऱ्हाडी खटका कागदावर येत नाही.

आता माझी चूक.

जपानी तबकड्या आल्या तेव्हा त्यांच्यावर काळपट, तेलकट थर होता. पहिल्या तबकडीची पहिली बाजू मी तशीच वाजवून कॉम्प्युटरवर घेतली. खरखर खूप होती. मग मला वाटलं, दुसरी बाजू स्वच्छ करूनच घेऊ. घरात कोविडच्या वेळचं स्पिरिट पडलं होतं. मोबाइलची स्क्रीन आपण त्यानंच पुसतो ना? कापसावर घेतलं आणि बाहेरच्या कडेपासून गोल गोल पुसत आत निघालो. कापूस काळा होत होता. मी खूश, केवढी घाण निघतेय! अर्धं अंतर पुसून झाल्यावर उजेडात धरून पाहिलं तर चमक गेली होती. नख फिरवलं तर खाचाच नाहीत. जी निघत होती ती घाण नव्हती, तबकडीच होती.

आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना दाखवली. त्यांनी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "अबे, हे तं चपडा आहे. चपड्याले स्पिरिट लावतं का कोणी? आम्ही पॉलिश कायचं करतो मंग?"

चपडा म्हणजे लाख. सुतार लाखेच्या पातळ पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवतात आणि तेच पॉलिश म्हणून लाकडाला लावतात. ७८ ची तबकडी प्लास्टिकची नसते, लाखेची असते. साधारण पाव ते एक तृतीयांश लाख, बाकी दगडाची बारीक पूड, काळेपणासाठी काजळी, थोडे कापसाचे धागे. लाख गरम केली की मऊ होते, साच्यात दाबली की खाचा उमटतात, गार झाली की कडक. आणि स्पिरिटमध्ये विरघळते. मी माझ्या तबकडीचं फर्निचर पॉलिश बनवत होतो.

आणि ही लाख येते कुठून? एक बारका किडा पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांदीवर बसून रस पितो आणि अंगातून चिकट राळ सोडतो. फांद्या खरवडून ती काढतात. त्या काळी जगाची बहुतेक लाख हिंदुस्थानातूनच जायची. छोटा नागपूर, आपला मध्य प्रांत, आणि मग कलकत्त्याच्या बंदरातून जहाजानं बाहेर. आपल्या गोंदियाकडेही लाखेचे कारखाने होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लाखेचा एवढा तुटवडा पडला की सरकारनं वापरावर निर्बंध घातले, आणि कंपन्या लोकांकडून जुन्या तबकड्या परत घेऊन त्यांचा माल पुन्हा वापरायच्या. म्हणजे जपानी बेन्शीचं रडणं ज्या वस्तूत कोरलं गेलं, ती वस्तू बहुधा आपल्याच बाजूच्या एखाद्या झाडावरून निघाली, समुद्रापार गेली, नव्वद वर्षांनी टपालानं नागपुरात परत आली, आणि मी ती कापसानं पुसून टाकली.

(हसू नका. हसा, चालेल.)

म्हणून आता जे सांगतो ते लक्षात ठेवा, विशेषतः ज्यांच्या घरी आजोबांची पेटी आहे त्यांनी. ७८ च्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचा स्प्रे, काही म्हणजे काही लावायचं नाही. मऊ ब्रशनं धूळ काढा. फारच मळकट असेल तर साधं गार पाणी, त्यात साबणाचा एखादा थेंब, लेबल भिजू न देता, आणि लगेच मऊ कापडानं टिपून सावलीत उभी. उन्हात नाही! नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत किंवा स्कूटीच्या डिक्कीत ठेवलेली तबकडी संध्याकाळी पापडासारखी वाकलेली निघते. आडवी थप्पी लावू नका, खालच्या तडकतात. उभ्या ठेवा, वह्यांसारख्या.

वाजवायचं म्हटलं तर आजीकडच्या चावीच्या ग्रामोफोनचा मोह आवरा. त्याची पोलादी सुई जड असते, प्रत्येक वेळी थोडी खाच खाते, आणि ती सुई एका बाजूनंतर बदलायची असते हे आता कुणाला माहीत नसतं. साधा टर्नटेबल चालतो, पण एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी घासत जाते, नुसती खरखर देते. ७८ साठी वेगळी, जाड टोकाची सुई मिळते, ती घ्या. टर्नटेबलला ७८ चा वेग नसेल तर ४५ वर वाजवून रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेग साधारण ७३ टक्के वाढवा. मी तसंच करतो. आणि पहिलं काम, पुसण्याच्याही आधीचं: आहे त्या अवस्थेत एकदा रेकॉर्ड करून घ्या. खरखरीसकट. खरखर नंतर कधीही कमी करता येते. पुसलेली खाच परत येत नाही.

हक्कांचं विचारलं होतं काहींनी. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं असतो. गाण्याच्या शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. टाकायच्या आधी दोन्ही बघा.

जास्त वाचायचं असेल तर मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था आहे. सुरेश चांदवणकर यांनी तिचं काम कित्येक वर्षं वाहिलं. त्यांच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकाचे जुने अंक शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर फुकट वाचता येतात. कोणत्या लेबलची तबकडी कधीची, कोणत्या गायकाच्या किती निघाल्या, असली माहिती तिथे आहे. इंग्रजी आहे, पण सोपी.

मी हे सगळं मागच्या भागात ओझरतं बोललो, तर महालातून एका काकांचा फोन आला. वाडा पाडून फ्लॅट होणार आहे. माळ्यावर वडिलांच्या तीन पेट्या तबकड्या आहेत, भंगारवाला किलोनं घेतो म्हणतोय. "तुले पाहायच्या असन तं रविवारच्या आत ये," म्हणाले. गेलो. नाट्यगीतं होतीच, ढिगानं. पण तिसऱ्या पेटीत खाली लेबल फाटलेल्या चार तबकड्या होत्या. काकांना वाटायचं रिकाम्या आहेत, कारण त्यांच्यावर कधी गाणं ऐकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मी त्या पुसल्या नाहीत. बॅटरीवरचा टर्नटेबल नेला होता, तिथेच माळ्याच्या जिन्याखाली लावला. बोलणं होतं. कीर्तनाचा आख्यानाचा भाग असावा तसा, एक माणूस, मागे पेटी आणि झांज. तीन मिनिटांत त्यानं हरिश्चंद्राला स्मशानात नेलं.

काका खाली बसले. म्हणाले, "हे बाबा लावत होते. आम्ही पोट्टे झोपायच्या टायमाले." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. भंगारवाल्याला त्यांनी सोमवारी नाही सांगितलं. पेट्या सध्या माझ्या खोलीत आहेत, उभ्या, कूलरपासून लांब, आणि आई विचारून राहिली की झोपणार कुठे. दीडशेच्या वर तबकड्या आहेत. रोज रात्री चार बाजू घेतो.

आणि सुरुवातीला वाजलेला तो ४० सेकंदांचा तुकडा? तो माझ्या पुसलेल्या बाजूचाच आहे. मी बाहेरून आत पुसत होतो ना, तबकडीही बाहेरून आत वाजते. त्यामुळे बाजूची सुरुवात गेली, मधलं गेलं, शेवट वाचला. सुई गुळगुळीत भागावरून घसरत घसरत जाते, काही ऐकू येत नाही, आणि मग मध्येच वाक्याच्या अर्ध्यातून त्या माणसाचा आवाज सुरू होतो. आई मुलाला हाक मारतेय. मूल उत्तर देतं. ते उत्तर कसलं आहे हे मी जपानी येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना विचारलं. त्यांनी दोनदा ऐकलं.

म्हणाल्या, "तो म्हणतोय, मी इथेच आहे."

[एपिसोड इथे संपतो. तुमच्या घरी गाण्याऐवजी बोलणं भरलेली जुनी तबकडी असेल तर कमेंटमध्ये लिहा. पुसू नका, आधी फोन करा.]